गणिताचे आचार्य केरूनाना छत्रे

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील गावोगावी पंतोजींच्या शाळा भरत असत. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या गृहस्थाच्या पडवीत मुले दाटीवाटीने बसत. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, मोडी लिहावी-वाचावी आणि पाढे घोकावेत, एवढाच त्या शाळेचा अभ्यासक्रम असे. पाढेही थोडेथोडके नसत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा मुले एका सुरात म्हणत आणि ते त्यांना जन्मभर पाठ राहत. त्यामुळे बाजारातील हिशेब ती तोंडी आणि झरझर करीत. पंतोजींच्या शाळेचे हे देणे मोठे होते, यात संशय नाही.

परंतु या शाळेत एक उणीव होती. गणित कसे करावे, हे मुलांना सांगितले जाई; ते तसेच का करावे, हे मात्र कोणी सांगत नसे. तसेच पाऊस कसा पडतो, ग्रहण केव्हा लागते, भरती-ओहोटी कशामुळे येते, या गोष्टींना त्या अभ्यासक्रमात स्थानच नव्हते. निसर्ग डोळ्यांसमोर होता, पण तो शाळेच्या उंबरठ्याबाहेर होता. गणिताला कारणाची जोड देणे आणि निसर्गाला शाळेच्या आत आणणे, हे कार्य ज्या थोर शिक्षकांनी महाराष्ट्रात आरंभिले, त्यांत केरो लक्ष्मण छत्रे यांचे नाव अग्रगण्य आहे. लोक त्यांना प्रेमाने व आदराने केरूनाना म्हणत.

पेशवाई बुडून सहा-सात वर्षे झाली होती, त्या सुमारास कोकणात अलिबागजवळील नागाव या गावी केरूनानांचा जन्म झाला. नारळी-पोफळींच्या बागा आणि जवळच समुद्र, असा तो रम्य प्रदेश. परंतु बालपणाचे सुख त्यांच्या वाट्याला फार काळ आले नाही. ते लहान असतानाच त्यांचे मातृपितृछत्र हरपले. पोरक्या झालेल्या या बालकाला आप्तांनी मुंबईस नेले. छत्रे घराण्यात विद्येची परंपरा होती. याच घराण्यातील सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी ‘बाळमित्र’, ‘इसपनीतिकथा’ यांसारखी पुस्तके मराठी मुलांच्या हाती दिली होती. मुलांसाठी त्यांच्याच भाषेत पुस्तके असावीत, हा विचार केरूनानांना जणू घरातूनच मिळाला.

मुंबईस त्यांचे शिक्षण एल्फिन्स्टन विद्यालयात झाले. पश्चिमेकडील नवे गणित आणि नवे विज्ञान तेथे शिकवले जाई. बाळशास्त्री जांभेकरांसारखे प्रकांड पंडित त्या विद्यालयात अध्यापक होते. गणित व विज्ञान शिकवणारे प्राध्यापक ऑर्लिबार यांची दृष्टी या हुशार मुलावर पडली. मुलाची बुद्धी तीव्र होती, आणि हाती घेतलेले काम नेटाने पुरे करण्याची त्याची वृत्ती तर त्याहून मोलाची होती. याच सुमारास मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे व हवामानाचे वेध नियमितपणे घेण्याची व्यवस्था होत होती. तेथे साहाय्यकांची गरज होती. १८४० च्या सुमारास दरमहा पन्नास रुपये वेतनावर केरूनानांची त्या कामी नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांच्या आसपास होते.

वेधशाळेतील काम वरवर पाहता नीरस होते. ठरलेल्या वेळी उठावे, उपकरणापाशी जावे, तापमान पाहावे, हवेचा दाब पाहावा, चुंबकसूची किती ढळली आहे ते पाहावे आणि आकडे वहीत अचूक उतरून घ्यावेत. आज पाऊस आहे, आज सण आहे, आज झोप येत आहे, असली कोणतीही सबब तेथे चालत नसे. एका वेळेचा आकडा चुकला, तर पुढचे सारे गणित चुकणार. सुमारे दहा वर्षे केरूनानांनी हे काम केले. या दहा वर्षांत त्यांच्या मनावर एक संस्कार कायमचा उमटला. मनुष्याचे मत काहीही असो, निसर्ग जसा आहे तसाच त्याचा आकडा लिहिला पाहिजे. आणि गणिताने काढलेले उत्तर प्रत्यक्षाशी जुळत नसेल, तर गणित पुन्हा तपासले पाहिजे. त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचे बीज या संस्कारात आहे.

१८५१ साली केरूनाना पुण्यास आले. त्याच वर्षी विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पुणे कॉलेजची स्थापना झाली होती. शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचा एक वर्गही तेथे चालत असे. या वर्गाला गणित व सृष्टिशास्त्र शिकवण्याचे काम केरूनानांकडे आले.

त्या काळी मुंबई इलाख्यात शिक्षणाविषयी एक मोठा वाद नुकताच होऊन गेला होता. नव्या विद्या मुलांना कोणत्या भाषेत शिकवाव्यात, हा त्या वादाचा विषय होता. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. उच्च ज्ञान देशी भाषांतून देता येणार नाही, असे त्यांना वाटे. त्याच मंडळातील कर्नल जर्व्हिस यांचे मत याच्या उलट होते. बहुजनसमाजापर्यंत विद्या पोहोचवायची असेल, तर ती त्यांच्याच भाषेतून द्यावी लागेल, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने हटन यांच्या इंग्रजी गणितग्रंथाचे मराठी रूपांतर पूर्वीच सिद्ध केले होते. शेवटी उच्च शिक्षणात इंग्रजीचेच वर्चस्व राहिले, पण गावोगावच्या शाळा मराठीच राहिल्या. आता प्रश्न असा होता की, या मराठी शाळांत नवे गणित आणि विज्ञान शिकवणार कोण, आणि कोणत्या पुस्तकावरून?

केरूनानांनी या वादात भाषणे केली नाहीत. त्यांनी पुस्तके लिहिली आणि शिक्षक घडवले. शाळांसाठी त्यांनी मराठीत अंकगणिताचे पुस्तक लिहिले, तसेच पदार्थविज्ञानाचेही पुस्तक लिहिले. त्या काळी हे काम किती कठीण होते, याची कल्पना आज येणे अवघड आहे. मराठी गद्य तेव्हा बाल्यावस्थेत होते. विज्ञानातील अनेक कल्पनांना मराठीत शब्द नव्हते. काही शब्द संस्कृतातून घ्यावे लागत, काही लोकांच्या बोलण्यातून निवडावे लागत. शब्द जड झाला तर मुलाला कळणार नाही, आणि सैल झाला तर शास्त्राचा अर्थ निसटेल. या दोहोंमधून नेमकी वाट काढणे, ही लेखकाची खरी कसोटी होती.

नव्या पद्धतीच्या गणितात आणि जुन्या घोकंपट्टीत कोणता भेद आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून गुणावे, असा नियम आपण सारे शिकतो. तीनला एकचतुर्थांशाने भागले की उत्तर बारा येते. नियम पाठ असलेला मुलगा हे उत्तर चटकन देईल. पण भागाकार केला असता संख्या वाढली कशी, असे त्याला कोणी विचारले, तर तो गोंधळेल. उलट, तीन रुपयांत किती पावल्या येतात, असा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला, तर तो बोटांवर मोजून बारा म्हणेल आणि नियमाचे कारण त्याचे त्यालाच कळेल. पुढे नियम विसरला, तरी तो पुन्हा शोधून काढता येईल. पाठांतराला कारणाची अशी जोड मिळाली, म्हणजे गणिताची भीती उरत नाही. अवघड विषय सोपा करून सांगण्याची विलक्षण हातोटी केरूनानांच्या ठिकाणी होती. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेले शिक्षक गावोगावच्या शाळांत नवे गणित व विज्ञान शिकवू लागले. एक उत्तम शिक्षक एक वर्ग घडवतो. परंतु शिक्षकांचा शिक्षक अनेक गावे घडवतो.

केरूनानांचे मन वर्गाच्या चार भिंतींत मावणारे नव्हते. आकाशाचे वेड त्यांना वेधशाळेच्या दिवसांपासून लागले होते. आपल्या घरोघरी पंचांग असते. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही त्याची पाच अंगे. यांतील तिथी म्हणजे काय? आकाशात चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी पुरी होते. तीस तिथींत तीनशेसाठ अंशांचे वर्तुळ पूर्ण होऊन पुन्हा अमावास्या येते. म्हणजे पंचांग हे मुळात आकाशाचे गणित आहे. त्या काळची महाराष्ट्रातील पंचांगे मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. हे गणेश दैवज्ञही कोकणातलेच, नांदगावचे. त्यांनी १५२० साली रचलेला हा ग्रंथ इतका सोयीचा होता की, तीनशेहून अधिक वर्षे ज्योतिषी त्यावरच गणित करीत आले.

पण कोणत्याही गणितात राहिलेली अल्पशी चूक काळाबरोबर वाढत जाते. एखादे घड्याळ दररोज एक सेकंद मागे पडते, असे समजा. एका दिवसात ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. वर्षाअखेर मात्र ते सहा मिनिटे मागे असेल आणि दहा वर्षांनी तासभर! ग्रहगणिताचे तसेच झाले होते. पंचांगात लिहिलेली ग्रहांची स्थाने आणि आकाशात दिसणारी स्थाने यांत अंतर पडू लागले होते. खुद्द गणेश दैवज्ञ व त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. तीन शतकांनी आपलेच आकडे न तपासता वापरले जावेत, हे त्यांनाही रुचले नसते.

केरूनानांनी युरोपातील अद्ययावत ग्रहकोष्टकांचा अभ्यास केला आणि त्यांच्या आधाराने ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत रचला. तो १८६० साली प्रसिद्ध झाला. ग्रहांचे सूक्ष्म गणित करण्याचे साधन त्यामुळे मराठी वाचकाच्या हाती आले. पुढे आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून त्यांनी नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. तेच ‘पटवर्धनी पंचांग’ होय.

या पंचांगाचे स्वागत मात्र उत्साहाने झाले नाही. नव्या गणिताने तिथींच्या वेळा बदलल्या. वर्षाचा आरंभबिंदू वेगळा धरल्यामुळे संक्रांतीसारख्या दिवसांतही फरक पडला. वाडवडिलांपासून चालत आलेले सण वेगळ्या दिवशी कसे करावेत, असा लोकांना प्रश्न पडला. बहुतेकांनी जुनेच पंचांग वापरणे पसंत केले. केरूनाना यामुळे खचले नाहीत आणि रागावलेही नाहीत. लोकांच्या श्रद्धेची त्यांनी कधी टवाळी केली नाही. पण लोकांना बरे वाटावे म्हणून आपले आकडेही बदलले नाहीत. पंचांग दरवर्षी निघत राहिले.

पुढे पुणे कॉलेजचे डेक्कन कॉलेज झाले. तेथे केरूनाना गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्याजवळ विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा ते अध्यापन करीतच होते. ज्यांनी स्वतः पदवी घेतली नव्हती, ते आता पदवीधर घडवू लागले. सूर्यावरील डाग आणि पाऊस यांचा काही संबंध आहे काय, यासारख्या प्रश्नांचे चिंतनही ते करीत. १८७७ साली सरकारने त्यांना रावबहादुर हा किताब दिला. डेक्कन कॉलेजातील त्यांच्या विद्यार्थ्यांत दोन तेजस्वी तरुण होते : बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. टिळकांना गणिताची अतिशय गोडी होती आणि गुरूंवर त्यांची अपार श्रद्धा होती. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. त्या शाळेत टिळक शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजातही त्यांनी गणित शिकवले. केरूनानांनी सुरू केलेला पंचांगशुद्धीचा प्रश्नही टिळकांनी आयुष्यभर मनात जागता ठेवला. टिळकांच्या नावाचे पंचांग आजही निघते.

१८७९ साली केरूनाना निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्राची बरीचशी माहिती आपल्याला शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्यामुळे मिळते. दीक्षित हेही शाळाशिक्षकच होते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या शाळेत त्यांनी काही वर्षे अध्यापन केले होते. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा प्रचंड इतिहासग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. पंचांगाचा आरंभबिंदू कोणता धरावा, याविषयी दीक्षितांचे मत केरूनानांहून भिन्न होते. तरीही त्यांनी केरूनानांच्या कार्याची नोंद आदराने केली. शास्त्रात मतभेद असावा, पण तो आकड्यांनी मांडावा, मनात किल्मिष ठेवू नये, हा धडा या दोघांकडून घेण्याजोगा आहे.

सोलापूर जिल्ह्याचा पंचांगाशी असलेला संबंध एवढ्यावरच संपत नाही. महाराष्ट्रात घरोघरी दिसणारे दाते पंचांग सोलापूर शहरातूनच निघते आणि त्याचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे असते. आकाशाशी जुळेल तेच पंचांग खरे, हे तत्त्व एके काळी पुण्यात नवलाचे वाटत होते. आज ते आपल्या भिंतीवर येऊन बसले आहे.

हे तत्त्व सोलापूरच्या मुलांना स्वतःच्या डोळ्यांनीही पाहता येईल. सोलापुरात सात रस्ता नावाचा प्रसिद्ध चौक आहे. त्याच्या परिसरातील एखाद्या शाळेच्या मैदानावर मे महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास एक सरळ काठी ओळंब्याने उभी रोवावी. दुपारचे बारा वाजले तरी काठीची थोडी सावली उरलेली दिसेल. बारा वाजून तेवीस मिनिटांच्या सुमारास मात्र ती काठीच्या बुडाशी येऊन नाहीशी होईल. असे का? सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंश ४० कलांवर आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या दिवशी नेमका तेवढ्याच अंशांवर आलेला असतो, म्हणून तो बरोबर डोक्यावर येतो. आणि आपली घड्याळे देशाच्या एकाच प्रमाणवेळेने चालतात. ती वेळ सोलापूरच्या पूर्वेकडील रेखावृत्तावरून ठरवलेली आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला बारा वाजून जावे लागतात. पुण्यात हाच अनुभव तीन-चार दिवसांनी येईल, कारण पुणे थोडे उत्तरेस आहे. दिल्लीत तो कधीच येणार नाही. सूर्य दक्षिणेकडे परतताना ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पुन्हा सोलापूरच्या माथ्यावर येतो. पण तेव्हा आकाशात ढग नसावेत, एवढेच! या एका काठीत भूगोल आहे, गणित आहे आणि विज्ञानही आहे.

गणितातही तसेच. सात रस्ते एकत्र येतात अशा चौकात एका रस्त्याने येऊन दुसऱ्या रस्त्याने जाण्याचे किती प्रकार होतील? सूत्र विचारू नये. चौकाचे चित्र काढावे. येण्याचा रस्ता सात प्रकारे निवडता येतो आणि प्रत्येक वेळी जाण्यासाठी सहा रस्ते उरतात. म्हणून एकंदर बेचाळीस प्रकार होतात. पण कोणत्या दोन रस्त्यांची जोडी आहे, एवढेच पाहायचे असेल, तर उत्तर एकवीस येते. ते निम्मे का झाले, हे ज्याला सांगता येईल, त्याला गणित आले.

शाळांचा अभ्यासक्रम काळानुसार बदलत आला आहे. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शिक्षण आयोगाने शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित व विज्ञान हे विषय सर्व विद्यार्थ्यांना आवश्यक असावेत, अशी शिफारस केली. केरूनानांच्या काळी थोड्यांच्या वाट्याला आलेली विद्या सर्वांची व्हावी, हाच तिचा हेतू होता. परंतु विषय वेळापत्रकात घातल्याने तो मुलांच्या मनात उतरतोच असे नाही. त्यासाठी मुलाला समजेल असे पुस्तक हवे, कारण सांगणारा शिक्षक हवा आणि स्वतः पडताळून पाहणारा विद्यार्थी हवा. यांतील पहिल्या दोन गोष्टींसाठी केरूनानांनी आपले आयुष्य वेचले. तिसरी गोष्ट मात्र प्रत्येक पिढीतील विद्यार्थ्यांनी आपल्या हातांनी आणि आपल्या डोळ्यांनीच साध्य करावयाची आहे.